चांदसाहेबांचा एक थेंब

चांदसाहेब शिकलगारांनी दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा दुरुस्तीला आली, असं, त्यांचे शेवटचे काही महिने सोडले तर, मी चाळीस वर्षांत एकदाच पाहिलं. ती वस्तू म्हणजे त्यांच्या नातीची एअर रायफल.

कराडला भाजी मंडईच्या मागे त्यांचं दुकान होतं. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं, एवढंच. स्टोव्ह, गॅसबत्त्या, फवारणीचे पंप, कात्र्यांना धार असली कामं. मी तेव्हा कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. आमच्या प्रयोगशाळेतला व्हॅक्यूम पंप बंद पडला होता आणि कंपनीच्या माणसाने 'नवीन घ्या' म्हणून हात झटकले होते. शिपायाने चांदसाहेबांना आणलं. त्यांनी दोन दिवसांत पंप चालू करून दिला आणि वर मलाच विचारलं, "बाई, हवा काढायची आन टाकून द्यायची, ह्येचा उपेग काय?" मी त्यांना वीस मिनिटं निर्वात पोकळी समजावली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी कायच न्हाई, त्येच्यासाठी येवढा पंप." वर्गात इतका नेमका सारांश मला कुणी दिला नव्हता.

त्यांचा एक नियम होता, वडिलांनी घालून दिलेला. काहीही दुरुस्त केलं तरी कोरडं बंद करायचं नाही. टेबलाला डाव्या हाताला लांब चोचीची तेलाची कुपी टांगलेली असे. काम संपलं की कुपी उतरवायची, 'बिस्मिल्ला' म्हणायचं, एक थेंब सोडायचा, मग झाकण. स्टोव्हच्या पंपात कातड्याचा वायसर असतो. तो सुकला की आक्रसतो आणि हवा धरत नाही. थेंबभर तेलाने तो फुगतो आणि गच्च बसतो. म्हणजे नियम बरोबर होता. फक्त कातड्यासाठीच बरोबर होता, हे मात्र आम्हाला फार उशिरा कळलं.

फिरदोस ही त्यांच्या मुलाची, अफताबची मुलगी. शाळेत एन.सी.सी.मध्ये बंदूक हातात आली आणि पोरीचा नेम असा की तिथले हवालदारच चकित. अफताब एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. त्याने पुण्याच्या एका क्लबातली जुनी जर्मन रायफल मिळवली. दहा मीटरवरून कागदी निशाणावर मारायची असते, तसली. पण दहा मीटर मोकळी जागा आणायची कुठून? माझ्या घराचा बोळ पुढच्या दारापासून मागच्या धुण्याच्या दगडापर्यंत नेमका साडेदहा मीटर भरतो. मी एकटी, मुलगा परदेशात. मी म्हटलं, "संध्याकाळी पाच ते साडेपाच येत जा. साडेपाचला मला मागे पाणी घालायचं असतं."

चार वर्षं ती आली. बोळात सतरंजी, टोकाला चांदसाहेबांनी बनवलेली पत्र्याची पेटी, पेटीत निशाणाचा कागद. अर्ध्या तासात साठ छर्रे. टक, टक, टक. मी घड्याळ बघत उभी. पाच मिनिटं राहिली की "चल गं, आटप" सुरू. ती हसून म्हणायची, "बाई, तुम्ही स्पर्धेत पंच असता तर सगळे वीस मिनिटांत घरी गेले असते."

रायफलीच्या नळकांड्यात हवा भरायची असते, हातपंपाने, दोनशे बारच्या दाबापर्यंत. ते काम चांदसाहेब करायचे. ऐंशी-नव्वद झटके. "पोरीचा हात थरथरला नाय पायजे," म्हणायचे आणि सत्तरीतला माणूस घामाघूम व्हायचा. ती म्हणे, "दादा, मी मारते ना पंप." ते म्हणत, "तू नेम मार. पंप मारायला तुझा आजा हाय."

बोळात ती सहाशे पंचवीसपर्यंत जायची. एका नेमाला जास्तीत जास्त दहा पूर्णांक नऊ गुण असतात; साठ नेमांना इतके म्हणजे राज्याच्या संघाच्या दारात उभं राहणं. आणि स्पर्धेत? पहिल्या राज्य स्पर्धेत सहाशे तेरा. दुसऱ्या वेळी सहाशे दहा. छर्रे वर जायचे, सगळे नाही, मधूनच एखादा. एक दहाच्या कड्यात, दुसरा वर नवाच्या कड्यात. ती निशाण जुळवायची, तर पुढचा खाली. मग ती थांबायची, बंदूक खाली ठेवायची, श्वास घ्यायची, सावकाश उचलायची. तो छर्रा आणखी वर.

क्लबातले नेमबाजीचे सर म्हणाले, घरी वाघ, मैदानात शेळी. अफताब म्हणाला, मन लागत नाही. मी काय म्हणाले तेही सांगते. मी म्हणाले, "फिरदोस, हा हाताचा प्रश्न नाही, मनाचा आहे. तू घाबरतेस. घाई करू नकोस. प्रत्येक नेमाआधी बंदूक ठेव, दोन मिनिटं थांब, मग मार."

पुण्याच्या शेवटच्या निवड चाचणीला मी तिच्याबरोबर गेले होते. संघात जागा मिळायला सहाशे बावीस हवे होते. मी मागच्या खुर्चीवरून दर थोड्या वेळाने तळवा खाली दाबून खूण करत होते, सावकाश, सावकाश. तिने माझं ऐकलं. शेवटचे दहा नेम तिने इतक्या संथपणे मारले की शेजारच्या मुली बंदुका आवरून गेल्या होत्या. सहाशे आठ.

परतीच्या गाडीत घाट उतरेपर्यंत ती छर्ऱ्यांची डबी उघडमिट करत राहिली. मग म्हणाली, "बाई, माझं मन कच्चं आहे. मला नाही जमायचं." मी तिला सांगायला हवं होतं की एका आकड्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो. मी म्हटलं, "असू दे. सगळ्यांना सगळं जमत नाही."

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला तिने कॉलेज सोडलं. सांगलीचं स्थळ आलं, नाव राहील, चष्म्याचं दुकान. मुलगा चांगला, माणसं चांगली. तिने हो म्हटलं. रायफल पेटीत बंद झाली. पुढे एकदा तिचा फोन आला, तेव्हा मी विचारलं, रेल्वेच्या परीक्षेचं काय झालं? राहीलने हौसेने फॉर्म भरला होता तिचा. ती म्हणाली, "गेटपर्यंत गेले होते, बाई. परत आले. मला परीक्षेत घाबरायला होतं, तुम्हाला तर माहीतच आहे." असं दोनदा झालं होतं. मी ते चांदसाहेबांना सांगितलं. त्यांच्या हातात एका फवारणी पंपाची दांडी होती. ती त्यांनी हळूच खाली ठेवली.

लग्नाला दोन वर्षं झाल्यावर अफताबने रायफल विकायला काढली. खंडाळ्याहून सुभेदार नाथाजी आले, सैन्यातून निवृत्त झालेले, नातीसाठी बंदूक बघायला. मिशा पांढऱ्या, बोलणं हुकमी. त्यांनी पिशवीतून नळीच्या तोंडाशी बसवायचं एक काड्यापेटीएवढं यंत्र काढलं. छर्रा किती वेगाने सुटला ते दाखवणारं. माझ्याच बोळात त्यांनी आठ छर्रे मारले, मध्येच चहा घेतला, पुन्हा दोन मारले, आणि मान हलवली.

"मिस्त्री, वेग एकसारखा न्हाई. चहानंतरचा पयला छर्रा बगा, कुठं गेलाय."

"यंत्र बिगाडलं आसंल तुमचं," चांदसाहेब म्हणाले.

"माजं यंत्र बरूबर हाय. बंदूक खोटं बोलतीया."

"सुभेदार, ह्या बंदुकीला मी सोडून कुनी हात लावला न्हाई."

"मग तर लयच बगितलं पायजे," नाथाजी म्हणाले. टोमणा होता, पण यंत्र मात्र ते महिनाभरासाठी ठेवून गेले. म्हणाले, दोष सापडला तर कळवा, बंदूक चांगल्या घराण्याची दिसते.

चांदसाहेबांना तो अपमान वाटला. दुसऱ्या दिवशी दुपारी रायफल खांद्याला लावून ते माझ्या दारात. "बाई, मोजून दावा त्येला. तुमी शिकलेल्या."

मोजून दाखवू म्हणून आम्ही बसलो. एक वही घेतली. आधी दहा छर्रे, वीस वीस सेकंदांनी. वेग सेकंदाला एकशे त्र्याहत्तर मीटर, एकशे बहात्तर, एकशे त्र्याहत्तर. फरक एकाचा. चांदसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सुभेदारांचीच मिशी हातात आली. मी म्हटलं, "आता थांबून मारू." तीन मिनिटं थांबलो. एकशे सत्याऐंशी.

"चुकून आला आसंल."

पुन्हा थांबलो. एकशे शहाऐंशी. लगोलग दुसरा मारला, एकशे त्र्याहत्तर.

पुण्याचे ते शेवटचे दहा संथ नेम मला तेव्हाच आठवले. पण चांदसाहेबांच्या समोर मी ते बोलले नाही आणि आम्ही एकेक गोष्ट वगळत गेलो, कारण पद्धत तीच असते. छर्रे जड-हलके असतील, म्हणून माझ्याकडच्या जुन्या तराजूवर शंभर छर्रे तोलले; फरक नगण्य. नळीत शिसं साचलं असेल, म्हणून नळी पुसली, तेच आकडे. हवा दोनशेवर भरून पाहिलं, शंभरावर आणून पाहिलं, तेच. घोड्यामागची स्प्रिंग, स्क्रू, सगळं तपासलं. रोज दुपारी दोन ते चार. सहाव्या दिवशी वहीत एकच गोष्ट उरली होती: जितकं जास्त थांबावं, तितका पुढचा छर्रा जोरात.

ह्या रायफलीत एक रेग्युलेटर असतो. आपल्या घरच्या गॅस सिलिंडरवर असतो त्याच जातीचा. नळकांड्यातला दोनशेचा दाब तो कमी करून पुढच्या लहान कप्प्यात सोडतो आणि ठरलेल्या दाबाला स्वतःहून बंद होतो, म्हणजे प्रत्येक छर्ऱ्यामागे हवा सारखीच. तो पुरता बंद झाला नाही तर?

"बघायचं कसं?" मी विचारलं. त्या कप्प्याला दाब दाखवणारा काटा नव्हता. चांदसाहेब उठले. दोन दिवसांनी आले ते लेथवर एक पितळी जोडणी कातून, तिला लहान मीटर बसवून. ते त्यांनी कप्प्याच्या आटे असलेल्या भोकात घट्ट केलं. हवा सोडली. काटा पंच्याहत्तरवर येऊन थांबला.

आम्ही दोघं बोळात खाली बसून त्या काट्याकडे बघत होतो. एक मिनिट. काटा सत्त्याहत्तर. दोन मिनिटं. ब्याऐंशी. कुणी हात लावला नव्हता. बंदूक सतरंजीवर नुसती पडून होती आणि काटा चढत होता. तीन मिनिटांना अठ्ठ्याऐंशी.

"बाई," चांदसाहेब म्हणाले, "पोरगी थांबायची तवा ह्यो चढायचा."

"हो."

"तुमी तिला थांब म्हनायचा."

"हो, चांदसाहेब. मी म्हणायचे."

वेगातला चौदा मीटरचा फरक दहा मीटर अंतरावर किती होतो ते मी त्याच वहीत मांडलं. सव्वादोन-अडीच मिलिमीटर वर. निशाणावर बरोबर एक कडं. पाच ओळींचं गणित आहे, अकरावीच्या पोरांना मी ते तीस वर्षं घातलं. मोजल्याशिवाय बोलू नका, असं फळ्यावर लिहून ठेवत असे. आणि चार वर्षं माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या घरात, हे घडत होतं. इथे घाईने मारायची म्हणून दोष दिसत नव्हता. घाई माझी होती. तिथे थांबून मारायची म्हणून दोष दिसत होता. थांबायलाही मीच सांगत होते.

पण आतला दोष कशाचा ते अजून कळलं नव्हतं. चांदसाहेबांनी हवा सोडून दिली, पेटीतून दोन लहान पाने काढले आणि रेग्युलेटर उघडला. पांढऱ्या फडक्यावर एकेक भाग मांडत गेले. करंगळीच्या नखाएवढा दट्ट्या, त्यावर रबराची बारीक कडी, कडीच्या खाली प्लॅस्टिकची बैठक. कडी फुगून वेडीवाकडी झाली होती. बैठकीवर पिवळट, चिकट राळ जमली होती, तिच्यात बारीक कण. दट्ट्या जागच्या जागी अडखळत होता.

त्यांनी कडी बोटावर घेतली. नाकाशी नेली. मग मला द्यायला हात पुढे केला आणि तो मध्येच थांबला.

"ह्ये माजं तेल हाय, बाई."

शिलाई मशीनचं तेल. रायफल आली तेव्हा हवा गळत होती म्हणून त्यांनी रेग्युलेटर उघडून बाजारातली कडी बसवली होती, आणि कोरडं कसं बंद करायचं? एक थेंब. रबराला ते तेल चालत नाही. चाललं असतं एकदा. पण ते एकदाच नव्हतं. प्रत्येक स्पर्धेच्या आदल्या दुपारी, फिरदोस कपडे भरत असताना, ते रायफल मागच्या पडवीत नेत, उघडत, पुसत आणि नवीन थेंब सोडत. बिस्मिल्ला म्हणून. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. दुआ सांगून करायची नसते, असं ते मला म्हणाले.

"किती वेळा?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"येकवीस," ते म्हणाले. लगेच म्हणाले. म्हणजे मोजून ठेवले होते, आनंदाने.

नाथाजींना मी फोनवर सांगितलं. ते ओरडलेच. "तेल? येवढ्या दाबाच्या हवेत तेल? आवं बाई, पेट घेतंय ते तेल! पोरीच्या गालाला लागून आसतंय सगळं. वाचली म्हना." हे मी चांदसाहेबांना सांगितलं नाही. चाळीस वर्षांत त्यांच्यापासून मी लपवलेली ती एकच गोष्ट.

अफताबचं म्हणणं, गप्प बसा. "अब्बा, ती संसारात हाय. लेकरू झालंय. आता उकरून काय मिळनार?" चांदसाहेब म्हणाले, "ती परीक्षेच्या गेटावरनं म्हागारी आली, अफताब. दोनदा. माज्या तेलानं. आजून कुठनं कुठनं येनार हाय कुनाला ठावं?" मी म्हटलं, यात विचार कसला करायचा, उद्याच जाऊ. मला तेव्हा वाटत होतं की आपण तिला काहीतरी परत द्यायला निघालो आहोत.

सकाळच्या एस.टी.ने निघालो. चांदसाहेबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. फुगलेली कडी होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटलीत घालून खिशात घेतली होती. इस्लामपूरच्या थांब्यावर त्यांनी ती चार वेळा चाचपून पाहिली. वही माझ्या मांडीवर.

फिरदोसच्या सासूबाईंनी चहा केला, शिरा केला, आजा-नातीला बोलू दे म्हणून आत गेल्या. फिरदोसच्या मांडीवर आठ महिन्यांची तरन्नुम झोपली होती. फिरदोस अंगाने भरली होती, हसत होती. "बाई, तुम्ही आणि दादा एकत्र? बोळ विकला की काय?"

चांदसाहेबांनी बाटली काढून चटईवर ठेवली आणि सांगितलं. एका दमात, खाली मान घालून, उभं राहून. ती बस म्हणाली तरी बसले नाहीत. मी वही उघडून पुढे सरकवली.

तिने आकडे वाचले. बोटाने एकेक ओळ खाली जात वाचले. "तीन मिनिटांनी एकशे सत्याऐंशी," ती म्हणाली. "म्हणजे एक कडं."

"एक कडं," मी म्हटलं.

"पुण्याला शेवटचे दहा..."

"हो."

मला वाटलं ती रडेल, किंवा हसेल, किंवा आजोबांच्या गळ्यात पडेल. तिने वही मिटली.

"बाई, तुम्ही का नाही मोजलं?"

मी वही मांडीवर ओढून घेतली.

"दादांना माहीत नसणार. दादा स्टोव्हवाले. सर तर नुसते शिट्टीवाले. पण तुम्ही? तुमच्या घरात चार वर्षं." आवाज चढला नव्हता, मांडीवर मूल होतं. "मी घाबरत नव्हते. मला चांगलं आठवतंय. पहिल्या स्पर्धेत मी अजिबात घाबरले नव्हते, छर्रा वर का गेला ते मला कळलं नव्हतं. मग तुम्ही सगळ्यांनी सांगितलं, घाबरतेस. तुम्ही सगळी मोठी, शिकलेली. मग मला वाटलं, ह्यालाच घाबरणं म्हणत असतील. मग मी खरंच घाबरायला लागले."

चांदसाहेब म्हणाले, "फिरदोस, बाईंला बोलू नगो. तेल माजं."

"आत्ता कशाला सांगितलंत, दादा?" ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "मी कच्ची आहे म्हणून माझं चालू होतं. आता रोज सकाळी उठून मी काय म्हणू?"

परत येताना चांदसाहेब खिडकीशी बसले होते. कराडचा पूल आला तेव्हा म्हणाले, "बाई, दुरुस्ती म्हंजी जिथं मोडलं तिथं हात घालता आला पायजे." एवढंच.

पुढचे चार महिने मी त्यांना रोज पाहत होते. त्यांनी पुण्याहून योग्य जातीची कडी मागवली, रेग्युलेटर रॉकेलने नव्हे तर कोरड्या कापडाने, दात कोरायच्या काडीने स्वच्छ केला, नवी बैठक बसवली आणि कोरडा बंद केला. बंद करताना त्यांचा डावा हात सवयीने वर गेला, जिथे दुकानात कुपी असते तिथे. माझ्या बोळात तिथे भिंत होती. आम्ही मीटर लावून बसलो. पंच्याहत्तर. दहा मिनिटं पंच्याहत्तर. चाळीस छर्रे मारले, कधी लगेच, कधी पाच मिनिटांनी. एकशे त्र्याहत्तर, एकशे त्र्याहत्तर, एकशे बहात्तर. मी कागदावर उतरवून घेतलं, तारीख घातली. दुरुस्ती झाल्याचं नाथाजींना कळवलं नाही. चांदसाहेब म्हणाले, "आदी तिला येऊ द्या. तिनं मारून बगू द्या. मग कुटं जायाची तिथं जाऊ दे."

फिरदोस आली नाही. फोन करायची, दर शुक्रवारी करायचीच. औषध घेतलं का, दादा? ऊन फार आहे, दुकानात बसू नका. तरन्नुमला दात आले. बंदुकीबद्दल एक शब्द नाही. ते फोन ठेवून माझ्याकडे बघत आणि मान हलवत. त्यांना माफी नको होती. तिने एकदा शिवी घातली असती तरी चाललं असतं.

आणि दुकानात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. गिऱ्हाइकं परत यायला लागली. "चांदसाहेब, पंप धरत न्हाई वो." "कालच तर न्हेला." मी जाऊन पाहिलं. वायसर सुकलेला, खडखडीत. कुपी खिळ्यावर, भरलेली, तिच्यावर धूळ. मी चिडले. "अहो, हे कातडं आहे! ह्याला तेल लागतं! तुम्हीच मला शिकवलंत!"

"ठावं हाय," ते म्हणाले. "हात जात न्हाई, बाई."

मी रागाने कुपी काढून स्वतः थेंब सोडला. त्यांनी तोंड फिरवलं. त्यांच्या समोर मी आठ दिवस तेच केलं, येता-जाता, ज्या ज्या पंपावर हात पडेल त्यावर. नवव्या दिवशी दुकान बंद होतं. घरी दुपारच्या नमाजाला उठताना छातीत कळ आली, तिथेच गेले. वय पंच्याहत्तर. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी डॉक्टरांशी वाद घातला नाही.

मातीला फिरदोस आली होती, पण बायकांच्या गर्दीत, तोंड पदरात. चाळिसाव्याला पुन्हा आली. जेवणं उरकल्यावर चारच्या सुमाराला माझ्या दारात उभी, कडेवर तरन्नुम.

"बाई, बंदूक तुमच्याकडे आहे ना?"

मी मूल घेतलं. तिने स्वतः पंप मारला, ब्याण्णव झटके, मी मोजले. सतरंजी घातली नाही. चप्पल काढून फरशीवर उभी राहिली. पत्र्याच्या पेटीत नवा कागद मी लावला. तिने बंदूक उचलली, गालाला लावली, मग खाली घेतली. पुन्हा उचलली, पुन्हा खाली. मग नुसतीच उभी राहिली, डोळे मिटून. मी घड्याळाकडे पाहत होते, पण तोंड उघडलं नाही. सव्वाचार मिनिटं.

टक.

आम्ही दोघी बोळाच्या शेवटी गेलो. मध्यावरचा पांढरा ठिपका नाहीसा झाला होता. त्याच्या जागी भोक होतं, नीट, गोल, वर नाही, खाली नाही.

फिरदोसने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आता हे घेऊन मी काय करू, बाई?"

मी तिच्या मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

तिने कागद काढून घडी केला आणि पर्समध्ये ठेवला. बंदूक पेटीत नीट बसवली. चांदसाहेबांच्या नव्या आकड्यांचा कागद पेटीच्या झाकणात होता. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने माझ्याच पेनने मोठ्या अक्षरात लिहिलं: 'हिच्यात तेल घालू नये. बिघाड वाटला तर आधी मोजावं, मग मुलीला बोलावं.'

"हे सुभेदारांच्या नातीला द्या," ती म्हणाली. "पेटीसकट."

शुक्रवारी नाथाजी येऊन रायफल घेऊन गेले. झाकणातला कागद त्यांनी दोनदा वाचला आणि टोपी नीट केली. माझा बोळ आता पाच वाजता रिकामा असतो. पाणी मी पाचलाच घालते.